साळवंडीतलं बुजवलेलं दार

७ जानेवारी २०२५, मंगळवार

शेवटी साळवंडीचं काम माझ्याच गळ्यात पडलं. निरंजन सर म्हणाले, "भाग्यश्री, जुन्या घरांची मापं तूच घे. बाकीच्यांना घाई असते." अकरा वर्षं त्यांच्या थेरगावच्या ऑफिसात नकाशे काढतेय. नाही म्हणायला कारण हवं होतं, ते सांगता आलं नाही.

कारण एवढंच — साळवंडी बाबांचं गाव. चऱ्होलीच्या पुढे, इंद्रायणीच्या काठी, गाडीवर तासाभराचा रस्ता. आणि मी छत्तीस वर्षांत एकदाही तिथे गेलेले नाही. बाबा सतराव्या वर्षी गाव सोडून पिंपरीला आले, कंपनीत लागले, रिटायर झाले. परत गेले नाहीत. विचारलं की म्हणायचे, "काय हाय तिथं?"

काय आहे ते आज पाहिलं. नदीवर काळ्या दगडाचा घाट. घाटावरून चढ. चढाच्या वर वेस, आणि वेशीतून आत गेलं की दोन्ही बाजूंना घरं — दगडी जोती, वर पांढऱ्या मातीच्या भिंती, सागाचे खांब, कौलं. गावाच्या मागे चोवीस मजली टॉवर उभे राहिलेत, पण या गल्लीत शिरलं की ते दिसत नाहीत. एक संस्था या घरांची यादी करतेय. यादीत आलेलं घर पाडता येणार नाही. मापं आणि नकाशे आमच्याकडे.

बाबांना सांगितलं नाही. "चऱ्होलीकडे काम आहे" म्हटलं. अगदी खोटं नाही.

९ जानेवारी

वेशीजवळच्या वळणावरचं पहिलं घर. मालक सयाजी तात्या, वय सत्त्याहत्तर. मुलगा तळेगावला फ्लॅटमध्ये, बायको जाऊन सहा वर्षं झाली. एकटेच राहतात, पण घर असं ठेवलंय की खांबात तोंड दिसावं. दर दिवाळीला स्वतः स्टुलावर चढून लाकडाला तेल लावतात म्हणे.

"या बाई. आधी च्या, मग तुमचा टेप," म्हणाले.

सात खणांचं घर. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. तात्यांनी हात पसरून, पावलं टाकून दाखवलं तेव्हा खरं समजलं. "ह्या तुळईला एक खिळा न्हाई. बगा वर. नुसतं लाकडात लाकूड बसवलंय." पाहिलं. दोन तुळया एकमेकींत अशा अडकवल्यात की सांधा शोधावा लागतो. ओसरीवर उभी होते, बाहेर ऊन होतं आणि आत पायाला गार लागत होतं. असं घर मला कागदावर कधी काढता आलं नसतं.

चहा झाल्यावर त्यांचं लक्ष गळ्यातल्या ओळखपत्राकडे गेलं. चष्मा वर करून वाचलं. "ओव्हाळ. कुठले ओव्हाळ?"

"थेरगावचे."

"हं," म्हणाले. 

मला दिलेला कप त्यांच्या कपासारखाच होता. मी ते पाहिलं. मग, पाहिलं याचीच लाज वाटली.

१० जानेवारी

दिवसभर मापं. केसांत कोळिष्टकं, नखांत पांढरी माती. खूप दिवसांनी काम करून बरं वाटलं.

१२ जानेवारी, रविवार

बाबांनी पकडलं.

मी डायनिंग टेबलावर गल्लीचा नकाशा पसरून बसले होते. बाबा चहा घेऊन आले, चष्मा लावला आणि उभेच राहिले. "हे साळवंडी हाय," म्हणाले. प्रश्न नव्हताच तो.

मी सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. ते खुर्ची ओढून बसले आणि माझी पेन्सिल घेतली. "हे चुकलंय."

"काय चुकलंय?"

"मागची बाजू. ह्या घराची मोरी हितनं न्हाई, हितनं निघती. ह्याच्या भिंतीला मागनं पोट सुटलंय, म्हनून टेकू दिल्यालाय." एकामागून एक पाच घरांच्या पाठी त्यांनी काढून दाखवल्या. साठ वर्षांपूर्वीच्या! मी तोंडाकडे पाहत राहिले, तर म्हणाले, "आमी पुढनं कधी कुनाच्या घरात गेलोच न्हाई. पुढचं तुला ठावं, मागचं मला."

मग पेन्सिल तात्यांच्या घरावर आली. "ह्याला दारं किती दावलीस?"

"दोन. पुढचं आणि गोठ्याकडचं."

"तीन हायत. मागच्या भिंतीत एक. नदीकडं तोंड." तिथे एक बारीक रेघ मारली. पेन्सिल खाली ठेवली, चप्पल घातली आणि फिरायला गेले. रोज अर्ध्या तासात येतात, आज दोन तास लागले.

१३ जानेवारी

दार आहे. म्हणजे, होतं.

आतून काही कळत नाही, तिथे आता फ्रिज आणि लोखंडी कपाट. बाहेरून नदीच्या बाजूला गेले, रुईच्या झुडपांतून वाट काढली. भिंतीत वर एक लांब दगड आडवा बसवलेला, आणि त्याच्याखाली माणसाच्या उंचीची जागा लहान, ओबडधोबड दगडांनी भरलेली. बाकी भिंत इतकी नेटकी, की ही जागा ठिगळासारखी दिसते.

तात्यांना विचारलं, "मागच्या भिंतीत दार होतं का?"

"न्हाई."

फॉर्मवर एक रकाना आहे — नंतर केलेले बदल आणि त्यांची कारणं. तो दाखवला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "लई जुनी गोष्ट हाय. आज ऱ्हाऊ द्या, बाई."

१५ जानेवारी

मागच्या बाजूची मापं घेताना खालची आळी लागली. नदी आणि तात्यांचं घर यांच्यामधला तुकडा. अकरा घरं, टोकाला छोटं विहार. बाबा इथलेच. त्यांचं घर कुठे होतं ते विचारायचं धाडस झालं नाही.

भिमाबाई म्हणून एक आहेत, पन्नाशीच्या, चाकणला कंपनीच्या कँटीनमध्ये कामाला. दारात उभ्या राहून माझा टेप बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, तुमची यादी झाली की आमचं घर जानार, ठाऊक हाय का?"

ठाऊक नव्हतं. त्यांनी समजावलं. पुलाकडून टॉवरकडे रस्ता होणार. एक तर वरच्या गल्लीतून — तेव्हा वळणावरचं तात्यांचं घर पूर्ण जाईल, बाकीच्यांचे फक्त ओटे. नाही तर खालून — तेव्हा या अकरा घरांपैकी एकही उरणार नाही. वळणावरचं ते घर यादीत गेलं की रस्ता खाली येणार, दुसरी वाटच नाही.

"तात्यांना हे माहीत आहे?"

"गावात कुनाला म्हाईत न्हाई?"

म्हणजे फक्त मला माहीत नव्हतं. त्या घराच्या तुळया बघून मी हरखून गेले होते.

१६ जानेवारी

ऑफिसला गेले नाही. डोकं दुखतंय असं कळवलं.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळी चहाच्या वेळी मी म्हटलं, "बाबा, दार सापडलं. दगडांनी बुजवलंय."

त्यांनी कप खाली ठेवला. मग सांगितलं. माझ्याकडे न बघता, खिडकीकडे बघत. जसं सांगितलं तसं लिहिते.

ते सतरा वर्षांचे होते. वर मावळात दोन दिवस पाऊस लागलेला, साळवंडीत मात्र ऊन. भर दुपारी नदी चढली. घरात आजोबा, आजी, बाबा आणि धाकटी बहीण गुणी, चार वर्षांची. मला आत्या होती हेच मला आज कळलं. छत्तीस वर्षांत घरात तिचं नाव कोणी घेतलं नाही.

वेशीकडची वाट आधीच पाण्याखाली गेली. वर जायला एकच रस्ता उरला, तात्यांच्या घरातून. मागच्या दाराने आत, पुढच्या दाराने गल्लीत. बाबा गुणीला खांद्यावर घेऊन पुढे आले, आजी-आजोबा मागे. दारावर थापा मारल्या.

"आत मानसं व्हती. बोलत व्हती. मला ऐकू येत व्हतं. काय बोलत्यात ते कळत नव्हतं, पर बोलत व्हती. मी हाका मारल्या. पानी गुडघ्याला व्हतं, मंग कमरेला आलं. एक लोंढा आला, आन् मी पडलो."

आजोबांनी त्यांना शर्टाला धरून उंबराच्या झाडाकडे ओढलं. गुणी खांद्यावर नव्हती.

"दार उघडलं न्हाई," म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "न्हाई उघडलं."

महिन्याभरात गाव सोडलं.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी कप उचलला आणि उरलेला गार चहा पिऊन टाकला.

२१ जानेवारी, मंगळवार

सुट्टी टाकून साळवंडीला गेले. टेप नेला नाही.

तात्या ओसरीवर होते. मी म्हटलं, "मी साहेबराव ओव्हाळांची मुलगी. खालच्या आळीतल्या."

"ठाऊक हाय," म्हणाले. "पयल्याच दिवशी कळलं. भुवया त्याच्याच हायत." मग आत घेऊन गेले. फ्रिजजवळ थांबले. मला बसायला पाट दिला, स्वतः उभेच राहिले.

"हितं पान्याचे रांजण व्हते. तीन. आन् त्या कोनाड्यात देव. प्यायचं पानी, देवाची पूजा, सगळं हितंच. दारावर थापा पडल्या तवा मी अडसराला हात घातला. मी अठराचा व्हतो, काय धाकला नव्हतो. बाप म्हनला, थांब. आधी रांजण हालवा, देव उचला, मंग उघड. त्यांस्नी हितनंच पुढं जावं लागनार, शिवाशिव व्हईल. भरल्याले रांजण. चार मानसं लागली. एकेक रांजण माजघरात नेला."

मी फ्रिजमागच्या भिंतीकडे पाहिलं.

"दार उघडलं आमी, बाई. उघडलं न्हाई असं न्हाई. पर उघडलं तवा भाईर नुसतं पानी व्हतं."

आणि मग हेही म्हणाले, "बापाला कशाला नाव ठेवू? अडसर माझ्या हातात व्हता. मी काढू शकत व्हतो. दुसऱ्या वर्षी बाप गेला आन् मी सोता दगड लावले. मला त्या दारानं जाववंना."

मी विचारलं, "रकान्यात काय लिहू?"

"हाय ते लिवा. माझं नाव घालून लिवा."

गाडी सुरू केली आणि वेशीखाली येऊन थांबले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. तात्यांचा राग यावा असंही वाटत होतं. तोही नीट येत नव्हता. म्हातारा दारात उभा होता, आणि पाठीमागे ते सुंदर घर.

२२ जानेवारी

बाबांना सांगितलं. रांजणांचंही.

"किती रांजण?"

"तीन."

"तीन," म्हणाले.

२७ जानेवारी, सोमवार

रविवारी जाऊन खालच्या आळीतली तीन घरं मोजून आले. कोणी सांगितलं नव्हतं. भिमाबाईंनी टेपचं दुसरं टोक धरलं. त्यांचं घर म्हणजे एकच खोली, पण भिंत नदीतल्या गोट्यांची आणि कोपऱ्यांना घडीव दगड. पुरात छप्पर गेलं, भिंत तशीच राहिली. गावातल्या कुठल्याही घराइतकं जुनं काम. आमच्या लोकांनी स्वतःच्या हाताने केलेलं.

आज दोन्ही कामं सरांसमोर ठेवली. आधी तात्यांच्या घराचा फॉर्म. रकान्यात मी लिहिलंय — 'मागचं दार बुजवलं. कारण: पुराच्या दुपारी पाण्याचे रांजण आणि देव हलवेपर्यंत दार उघडलं गेलं नाही. दाराबाहेर भावाच्या खांद्यावर असलेली गुणी ओव्हाळ, वय चार, वाहून गेली. सांगणारे: घरमालक स्वतः.' सरांनी दोनदा वाचलं. आडनाव वाचून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"हे असंच जाईल," म्हणाले. "एक शब्द बदलणार नाही."

मग खालच्या आळीचे नकाशे. तिथे मात्र त्यांनी सुस्कारा टाकला. "भाग्यश्री, यादीचे निकष ठरलेत. लाकूडकाम, कोरीवकाम, मजले. एका खोलीचं घर त्यात बसत नाही. मी पाठवलं तरी ते काढून टाकतील."

"मग रस्ता तिथून जाईल."

"कुठून तरी जाणारच ना?"

वाईट माणूस नाही. म्हटलं, तरी पाठवा. पाठवतो म्हणाले.

५ फेब्रुवारी

खालच्या आळीची घरं यादीतून परत आली. वर पेनाने एकच शब्द — 'अपात्र.'

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "चल, साळवंडीला," म्हणाले. मी गाडी काढली. ते मागे बसले. चऱ्होलीपुढे फक्त एवढंच विचारलं, "हितं शेतं व्हती ना?"

तात्या ओट्यावर होते. बाबांना ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. उठून उभे राहिले. दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. सत्त्याहत्तर आणि शहात्तर वर्षांची दोन माणसं, मध्ये तीन पायऱ्या.

"साहेबराव," तात्या म्हणाले, "आत ये."

बाबा पायऱ्या चढले. ओसरी, माजघर, मागची खोली. घाई न करता सगळं पाहत गेले. एका खांबावर हात ठेवला. वर तुळयांकडे पाहिलं. तात्यांनी कपाट आधीच बाजूला ओढून ठेवलेलं होतं. आम्ही आज येणार हे त्यांना कसं कळलं, की रोजच ओढून ठेवत होते, कोण जाणे. बाबा भिंतीसमोर उभे राहिले.

"मला काय मागायचं न्हाई तुझ्याकडं," तात्या म्हणाले. "मागायला तोंड न्हाई."

"मागू बी नगं," बाबा म्हणाले. "ते माझ्याकडं न्हाई द्यायला. तिच्याकडं व्हतं."

बाहेर भिमाबाईंच्या आळीतून कुकरची शिट्टी ऐकू आली. या भिंतीतून इतकं स्पष्ट ऐकू येतं हे मला माहीत नव्हतं.

मग बाबा माझ्याकडे वळले. "हे घर यादीत घेतलंस?"

"घेतलं."

"आन् खालची आळी?"

"पाठवली होती. नाही घेतली."

"मंग रस्ता खालनं."

"हो."

तात्या मान खाली घालून ऐकत होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "चांगलं घर हाय," एवढं म्हणाले आणि पुढच्या दाराने बाहेर पडले. वेशीला वळसा घालून आम्ही खाली गेलो. आमच्या घराच्या जागी आता भिमाबाईंच्या दिराची मोटारसायकल उभी असते. भिमाबाईंनी चहा केला. उंबराचं झाड अजून आहे. बाबा त्याच्या बुंध्याशी जाऊन बसले, मी जवळ गेले नाही.

१२ फेब्रुवारी

बाबांनी गुणीआत्याबद्दल आज आपणहून सांगितलं. तिला भाकरीचा पापुद्राच लागायचा. खालची भाकरी त्यांना खावी लागायची.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी निरंजन सरांचा फोन. तात्यांनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहून दिलाय. सरांनी वाचून दाखवला — 'माझे घर यादीत धरू नये. रस्ता वरच्या गल्लीतून, माझ्या घरावरून न्यावा. खालच्या आळीला हात लावू नये. मुलाची संमती सोबत जोडली आहे.' सर विचारत होते, त्यांच्याशी कोणी काही बोललं का? मी म्हटलं, नाही.

बाबांना सांगितलं. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मंग सयाजी ऱ्हानार कुठं?"